फुटबॉलचा ताळेबंद आणि देवाची मालकी

सायमन कूपर हे वृत्तपत्रकार आणि स्टेफान शिमान्स्की हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. या दोघांनी मिळून लिहिलेला ‘सॉकरनॉमिक्स’ हा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला व पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. फुटबॉलच्या खेळाविषयीचे रूढ समज आकड्यांच्या कसोटीस लावून पाहणे हा त्याचा उद्देश. ग्रंथ रंजक आहे, आणि विद्वत्तेला रंजकपणाचे वावडे असावे असे मानणाऱ्यांनाही तो आवडेल. परंतु त्यातील एक सिद्धांत असा आहे की, तो गोव्याच्या व महाराष्ट्राच्या भूमीवर आणून ठेवताच त्याचे पाय लटपटू लागतात. त्या सिद्धांतापुरतीच ही चर्चा मर्यादित ठेवली आहे.

ग्रंथकारांचे म्हणणे थोडक्यात असे. फुटबॉलचा संघ हा धंदा म्हणून अत्यंत वाईट धंदा होय. इंग्लंडमधील चाळीस संघांचा १९७८ ते १९९७ या काळाचा हिशेब मांडून त्यांनी दाखविले आहे की, कोणता संघ कोणत्या क्रमांकावर येतो याचा नव्वद टक्क्यांहून अधिक उलगडा खेळाडूंच्या पगारावरून होतो. म्हणजे जो अधिक पगार देतो तो वर जातो; आणि ज्या अर्थी प्रत्येकालाच वर जायचे असते त्या अर्थी मिळालेला प्रत्येक पैसा खेळाडूंच्या घरी जातो. तिकिटांचे दर वाढले, दूरचित्रवाणीचे हक्क महागले, तरी नफा मालकाच्या हाती राहत नाही. मात्र याच संघांचे दुसरे एक नवल आहे, ते असे की ते मरत नाहीत. १९२३ साली इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये अठ्ठ्याऐंशी संघ होते; त्यांपैकी पंच्याऐंशी २००७-०८ च्या हंगामातही जिवंत होते. त्याच काळात किती गिरण्या, किती पेढ्या व किती बँका नामशेष झाल्या याची गणती कोणी करावी! यावरून ग्रंथकार असा निष्कर्ष काढतात की, संघाकडे दुकान म्हणून न पाहता वस्तुसंग्रहालयासारखी लोकोपयोगी संस्था म्हणून पाहावे. तिने नफा मिळवावा अशी अपेक्षा नको, दिवाळे न काढता चालावे एवढे पुरे.

आमच्या वाचकांना ही कल्पना मुळीच नवी वाटणार नाही. देवस्थान नफ्यासाठी चालत नाही, परंतु नंदादीपाचे तेल उधारीवर आणावे लागले तर महाजनांच्या सभेत काय घडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना नफा आणि शिल्लक यांतील भेद अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने शिकविण्याची गरज नाही.

प्रथम हा अमरपणा कसला आहे ते पाहू. इंग्लंडमधील संघ मरत नाहीत, परंतु त्यांचे धनको मात्र बुडतात. पोर्टस्मथचा संघ २०१० च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही पाळी येणारा तो पहिलाच संघ. अशा वेळी तेथे एक विलक्षण नियम लागू होतो. खेळाडूंचे पगार व इतर संघांचे देणे हे पूर्ण फेडल्याखेरीज लीगमध्ये राहता येत नाही. बाकीच्या धनकोंनी, अगदी सरकारच्या करखात्यानेही, जे उरेल त्यावर समाधान मानायचे. करखात्याने या नियमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ साली तो दावा हरला. आमच्या सुरतेच्या कापडबाजारात एखादा व्यापारी देणी न फेडता नाहीसा झाला म्हणजे ‘पार्टी उठली’ असे म्हणतात. काही महिन्यांनी त्याच गाळ्यात पुतण्याच्या नावाने नवी पाटी लागते. इंग्लंडमध्ये नेमके हेच होते. फरक एवढाच की, गोडादऱ्यातला मागवाला त्या नव्या पाटीपुढे उभा राहून टाळ्या वाजवीत नाही, आणि पोर्टस्मथचा भाजीवाला, त्याचे पैसे बुडाले असले तरी, शनिवारी मैदानावर जातो. तेव्हा ज्याला ग्रंथकार संघाचे आयुष्य म्हणतात ते वस्तुतः त्या गावच्या लोकांच्या निष्ठेचे आयुष्य आहे. कंपनी मरते, नाव राहते.

आता आपल्याकडे यावे. जालंधर-फगवाड्याकडील जे. सी. टी. गिरणीच्या संघाने १९९६-९७ साली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०११ साली तो बंद झाला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली तेच विजेतेपद मिळविले आणि २०१० साली तो मोडला. पुण्याचा पुणे एफ. सी. २००७ साली निघाला आणि दहा वर्षे पुरी होण्याच्या आत आय-लीगमधून गेला. त्याच नगरातील भारत एफ. सी. एकच हंगाम खेळला. डी. एस. के. शिवाजियन्सचीही २०१७ साली तीच गत झाली. पंच्याऐंशी भागिले अठ्ठ्याऐंशी हा भागाकार येथे कोणी करून पाहिला, तर ‘सॉकरनॉमिक्स’चे ते प्रकरण वेगळे लिहावे लागेल.

असे का व्हावे? गोव्याचे उदाहरण या प्रश्नाला सर्वांत अधिक उजेड देणारे आहे. साळगावकरांचा संघ १९५६ सालचा, धेंप्यांचा १९६८ सालचा. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक साळगावकर संघाने देशाला दिला. धेंपो संघाने आर्मांदो कुलासो यांच्या शिकवणुकीखाली २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. हे संघ नफ्यात होते काय? हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलाच नाही, कारण त्यांचा स्वतंत्र संसारच नव्हता. खाणीच्या व जहाजांच्या पेढीने खर्च सोसायचा, पेढीचे नाव मैदानावर दुमदुमायचे, आणि वर्षअखेर तो खर्च प्रसिद्धीच्या खात्यात बसवायचा. १९६१ च्या आयकर कायद्याचे सदतिसावे कलम धंद्यासाठी म्हणून केलेल्या खर्चाची वजावट देत असे; तेव्हा पुण्यही लाभले आणि कराचा भारही हलका झाला. मुंबईतील टाटा, मफतलाल, ऑर्के मिल यांच्या संघांची तऱ्हाही याच जातीची. खेळाडू हा पेढीचा नोकर, आणि संघ हा पेढीचा अलंकार.

अलंकार घडविणाऱ्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. गोव्यातील या घराण्यांनी जे केले ते सरकारने केले नाही, लोकांनीही केले नाही. परंतु अलंकाराचा एक स्वभाव आहे. घरात अडचण आली की तो प्रथम मोडतो.

२०१२ च्या सप्टेंबरात शहा आयोगाच्या अहवालानंतर गोव्यातील खाणी थांबल्या व ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपली मोहोर उठविली. गोव्याचा फुटबॉल खाणीबरोबर बुडाला, असे तेव्हापासून सर्रास बोलले जाते. हे अर्धसत्य आहे. धेंप्यांनी आपला खाणीचा धंदा २००९ सालीच सेसा गोवा कंपनीला एक हजार सातशे पन्नास कोटी रुपयांस विकून टाकला होता; आणि त्यानंतर त्यांच्या संघाने दोन विजेतेपदे मिळविली. तेव्हा खाणबंदीने हात आखडले असतील, पण घाव दुसरीकडून आला.

तो घाव नियमांच्या कागदावरून आला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० च्या डिसेंबरात आपले सर्व व्यापारी हक्क पंधरा वर्षांकरिता आय. एम. जी.-रिलायन्स या कंपनीस सातशे कोटी रुपयांस दिले. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग जन्मास आली. तीत प्रवेश मिळवायचा तो खेळून नव्हे, तर दरसाल मोठे शुल्क भरून. २०१६ सालच्या आराखड्यात तीच देशातील पहिली लीग ठरणार आणि जुनी आय-लीग दुय्यम होणार असे दिसताच साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांचे गणित सरळ होते. तोटा हा पूर्वीही होता. परंतु पूर्वी त्या तोट्याच्या मोबदल्यात राष्ट्रीय कीर्ती मिळत असे. आता कीर्तीचे दार पैशाने उघडणार असेल, तर जुना तोटा कशासाठी सोसायचा? यात धनिकांचा दोष काढणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाला तो दोष प्रामुख्याने करारपत्राचा वाटतो.

येथे ग्रंथकारांच्या विवेचनातील उणीव स्पष्ट होते. संघ टिकतो तो लोकांच्या निष्ठेवर, हे त्यांनी बरोबर ओळखले. परंतु त्या निष्ठेला कायद्यात काही स्थान आहे काय, हे त्यांनी खोलवर तपासले नाही. इंग्लंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांची सवयच कायद्याचे काम करते. जेथे ती सवय नाही तेथे काय होते?

पुण्याची कथा ऐका. सुपर लीगमधील पुणे सिटी हा संघ २०१९ साली संपुष्टात आला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पुण्याचे बरेच खेळाडू तिकडे गेले. या हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळविले. पुढे मालक बदलले, आणि २०२५ साली तो संघ दिल्लीस नेऊन त्याचे नावही बदलण्यात आले. एकच आसन सहा वर्षांत तीन नगरांत फिरले. पुण्यातील ज्या मुलाने २०१८ साली नारिंगी सदरा विकत घेतला होता, त्याने आज कोणाचा जयजयकार करावा?

आमच्या धर्मशास्त्राने व न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. प्रमथनाथ मलिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मलिक हा १९२५ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो. वाद कुलदेवतेच्या मूर्तीचा होता. पूजेची पाळी आपली आहे तोवर मूर्ती आपल्या घरी हलविता येईल काय, असा प्रश्न होता. न्यायाधीशांनी सांगितले की, मूर्ती म्हणजे इकडून तिकडे नेण्याची वस्तू नव्हे. तिला कायद्याने व्यक्तित्व आहे, तिच्या स्थानाविषयी तिची इच्छाही विचारात घेतली पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी निःस्वार्थी प्रतिनिधी नेमला पाहिजे. सेवेकरी हा व्यवस्थापक आहे, स्वामी नव्हे.

फुटबॉलच्या संघाला देवत्व द्यावे असे कोणी म्हणत नाही. तसे म्हणणे देवाचाही अपमान होईल. मुद्दा व्यवस्थेचा आहे. पैसा देणारा आणि मालक हे एकच असले पाहिजेत, हे गृहीतच आपण न तपासता स्वीकारले आहे. गोव्यातील देवालयात सर्वांत मोठी देणगी देणारा यजमान आणि साड्यांच्या पावणीत शंभर रुपये बोलणारा साधा महाजन, या दोघांना सभेत मत एकच. १९३३ च्या नियमावलीने महाजनांना समिती निवडण्याचा अधिकार दिला आणि वर्षाचे अंदाजपत्रक सरकारी प्रशासकापुढे ठेवण्याचे बंधन घातले. या व्यवस्थेचे दोषही आम्ही जाणतो. महाजन कोणी व्हायचे याविषयीचा तिचा संकोच, पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे, तीस-तीस वर्षे लोंबणाऱ्या फायली. वकिलांची घरे त्यावरच चालतात असे कोणी म्हटले तर राग मानण्याचे कारण नाही. परंतु या देवालयांतून यजमान गेला म्हणून देव दुसऱ्या गावी गेला असे होत नाही.

सभासदांच्या मालकीने सर्व दुखणी बरी होतात, हा भ्रम मात्र नको. बार्सिलोनाचा संघ सभासदांचाच. तरी २०२१ साली त्याचे कर्ज एक अब्ज पस्तीस कोटी युरो असल्याचे त्याच्याच अध्यक्षांनी जाहीर केले. महाजनही उधळे असू शकतात. जर्मनीने मधला मार्ग काढला आहे: पैसेवाल्याने भाग घ्यावेत, परंतु बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहावे. युरोपीय महासंघाने आता पगार व खेळाडूंच्या खरेदीचा खर्च उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे सुपर लीगने पगाराला साडेसोळा कोटींची मर्यादा घातली होती. पण उत्पन्नच जेथे कमी, तेथे रुपयांची मर्यादा घातल्याने तोटा कसा टळावा? कलकत्त्याच्या मोहन बागानने २०२० साली ऐंशी टक्के भाग गोयंका समूहास दिले. संघाच्या नावामागे लागलेली ‘ए. टी. के.’ ही अक्षरे सभासदांनी व चाहत्यांनी आरडाओरडा करून २०२३ साली काढावयास लावली. वीस टक्क्यांचा आवाज केवढा असू शकतो त्याचे हे उदाहरण. पुण्याजवळ ते वीस टक्केही नव्हते.

पंधरा वर्षांचा तो करार २०२५ च्या डिसेंबरात संपला. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात महासंघाच्या नव्या घटनेस मान्यता दिली आणि व्यापारी हक्कांसाठी निविदा निघाली. नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही निविदा आलेली नव्हती. ज्या मँचेस्टरच्या समूहाने २०१९ साली मुंबई सिटीचे पासष्ट टक्के भाग घेतले होते, त्यानेही त्याच वर्षअखेर काढता पाय घेतला. २०२६ च्या जानेवारीत क्रीडामंत्र्यांना स्वतः पुढे येऊन, स्पर्धा फेब्रुवारीत चौदा संघांसह होईल, असे जाहीर करावे लागले. सामने होणार, पण हक्क घेण्यास कोणी नाही, ही तेव्हाची अवस्था कूपर-शिमान्स्की यांच्या कोणत्याच कोष्टकात बसत नाही.

धेंपो संघ खालच्या पायरीवरून खेळत खेळत २०२४-२५ साली पुन्हा आय-लीगमध्ये आला. त्याच हंगामात चर्चिल ब्रदर्सना विजेते ठरविले गेले आणि जुलैत आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते पद काढून इंटर काशीस दिले. विजेतेपदासाठी इतका कज्जा चालला, लवादापर्यंत कागद गेले, वकील उभे राहिले. आणि या सर्व काळात त्या लीगमधील एकाही संघाचा जमाखर्च त्याच्या चाहत्यांपुढे कोणी वाचून दाखविला नाही, कारण तसे वाचून दाखविण्याचे बंधन आजही कोणत्याच संघावर नाही.