'मावणे' आणि 'दिसणे' : अतिविशालकोनी भिंगाने घेतलेल्या निसर्गचित्रांचा विचार

सह्याद्रीत भटकंती करून आलेली मंडळी आपली छायाचित्रे दाखवू लागली की एक वाक्य हमखास कानी पडते : "वाइड लेन्स होती, म्हणून सगळं मावलं." या वाक्यातील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. संस्कृतातील 'मा' या धातूला 'मोजणे' याबरोबर 'सामावणे' हाही अर्थ आहे. आपल्या 'मावणे' या क्रियापदाचा संबंध त्याच्याशीच पोहोचतो. हंड्यात पाणी मावते, पेटीत कपडे मावतात. येथे सप्तम्यंत पदाने दर्शविलेले एक पात्र आहे आणि त्यात जाणारी वस्तू आहे. पाहणाऱ्याची मात्र गरज नाही. याच्या उलट 'मला कडा दिसतो' या रचनेत 'मला' हे चतुर्थ्यंत पद आहे. ते उच्चारले नाही तरी गृहीत असते, कारण कोणाला तरी दिसल्यावाचून 'दिसणे' ही क्रिया घडत नाही. छायाचित्र हे पात्र आहे की कोणाचे तरी दर्शन आहे, या प्रश्नाचे उत्तर या दोन क्रियापदांच्या निवडीत नकळत दिले जाते. अतिविशालकोनी भिंगाने घेतलेली आपल्याकडील बहुसंख्य निसर्गचित्रे पहिल्या क्रियापदाच्या आहारी गेली आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे तपासणे हा या टिपणाचा हेतू होय.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. 36 × 24 मिलिमीटरच्या चौकटीत 50 मि.मी. नाभीय अंतराचे भिंग कर्णावर सुमारे 47 अंशांचा कोन सामावते. 24 मि.मी.चे भिंग 84 अंशांचा आणि 16 मि.मी.चे 107 अंशांचा कोन घेते. साधारणपणे 24 मि.मी.हून कमी नाभीय अंतराच्या भिंगांस अतिविशालकोनी म्हणण्याचा प्रघात आहे. ही हाव आजची नव्हे. बर्लिनच्या गोएर्झ कंपनीचे हायपरगॉन हे भिंग 1900 साली निघाले. त्याचा कोन 135 अंशांचा होता. एवढ्या कोनात चौकटीचे कोपरे काळवंडतात. त्यावर उपाय म्हणून भिंगासमोर एक चांदणीच्या आकाराची चकती हवेच्या झोताने फिरवीत, म्हणजे मध्यावरचा प्रकाश काही काळ रोखला जाई. पुढे 1969 साली झाइस कंपनीने 15 मि.मी.चे होलोगॉन काढले. त्याचा कोन 110 अंशांचा होता आणि त्यालाही मध्यभागी गडद असा गाळक लावावा लागे. आज ही सामग्री हौशी प्रवाशाच्या पाठपिशवीत असते आणि कोपऱ्यांचा काळोख यंत्रच परस्पर उजळून देते. अडचण उरली नाही, त्यामुळे तिच्याबरोबर येणारा विचारही उरला नाही.

या भिंगाविषयी सर्वाधिक पसरलेला समज असा की, ते यथादर्शन 'बदलते', जवळचे मोठे करते आणि दूरचे लहान. वस्तुतः यथादर्शन ठरते ते पाहणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेवरून. एकाच जागेवरून 16 मि.मी. आणि 50 मि.मी. अशा दोन भिंगांनी चित्रे घ्यावीत आणि पहिल्याचा मधला तुकडा कापून दुसऱ्याइतका वाढवावा. वस्तूंची परस्परप्रमाणे दोहोंत तंतोतंत सारखी आढळतील. मग भेद कशात? पहिल्या चित्रात चौकटीची खालची कड छायाचित्रकाराच्या पायांपर्यंत येऊन भिडते, यात. अधिक क्षितिज मिळावे म्हणून घेतलेले भिंग मिळवून देते ते प्रामुख्याने अधिक 'जवळ'.

या जवळपणाचा परिणाम एका साध्या गणिताने ध्यानात येईल. एक किलोमीटर अंतरावरील 500 मीटर उंचीचा कडा आणि 60 सेंटिमीटर अंतरावरील 30 सेंटिमीटर उंचीचा धोंडा हे दोन्ही चित्रात सारख्याच उंचीचे दिसतात. छायाचित्रकार 60 सेंटिमीटर मागे सरकला की धोंडा निम्मा होतो आणि कडा आहे तेवढाच राहतो. म्हणजे येथे एका पावलाने चित्राचा कर्ता बदलतो. दूरवरून घेतलेल्या चित्रात पावलाला इतकी किंमत नसते. अतिविशालकोनी भिंगाचे खरे वैशिष्ट्य ते हेच.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही परिस्थिती ओळखीची वाटेल. कार्ल ब्यूलर याने 1934 साली आपल्या भाषासिद्धान्तात असे प्रतिपादन केले की, 'येथे', 'आता', 'मी' यांसारख्या दर्शक शब्दांचा अर्थ एका आरंभबिंदूवर अवलंबून असतो. तो बिंदू ठाऊक नसेल तर वाक्य पोकळ राहते. रस्त्यात सापडलेल्या चिठ्ठीत 'उद्या येथेच भेटू' एवढेच लिहिले असेल, तर शब्द सर्व कळूनही काहीच कळत नाही. मराठीत 'हा' आणि 'तो' अशी दोन पदरी व्यवस्था आहे. अतिविशालकोनी चित्रात 'हा'चा प्रांत अतोनात वाढतो आणि 'तो' आक्रसतो. शिवाय मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे. श्रोत्याला वगळणारे बहुवचन वेगळे, त्याला सामावून घेणारे वेगळे. पायांपासून सुरू होणारे चित्र प्रेक्षकाला 'आपण येथे उभे आहोत' असे सांगू पाहते. सांगू पाहते, असे मुद्दाम म्हटले. कारण चित्राने आपले 'येथे' कोठे आहे हे दाखवले नाही, तर ते निनावी चिठ्ठीसारखेच होते. ही उपमा आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु समीक्षेला हाताशी धरण्यापुरती ती पुरेशी आहे.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळू. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हा या भिंगाचा मोठा बळी आहे. आत वळलेली ती प्रचंड अर्धवर्तुळाकार कड एका चौकटीत 'मावावी' म्हणून छायाचित्रकार 14 वा 16 मि.मी.चे भिंग लावतो. कड मावते, परंतु समोरची भिंत दूर लोटली जाते, पायांशेजारचा खडक फुगतो, आणि कड्यावर पालथे पडून खाली डोकावताना पोटात जो गोळा उठतो त्याचा मागमूसही उरत नाही. कड्याची उंची म्हणजे नजरेला वाटेत कोठेच टेकू न मिळणे. ती दाखवायची तर काठ थोडाच घ्यावा आणि खालचे कोकण नुसते जाणवू द्यावे. सगळा घेर घेतला की राहते ती कड्याची आकृती.

दुसरा दाखला कास पठाराचा. पश्चिम घाटाचा एक भाग म्हणून 2012 साली ते जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात तेथे गेंद, तेरडा, सीतेची आसवे अशी इवली फुले पावसाळ्याच्या अखेरीस उमलतात. त्यांची अतिविशालकोनी चित्रे आता साच्यातून काढल्यासारखी झाली आहेत : खाली चार ठसठशीत फुले, मध्ये रंगाचा पट्टा, वर पंखासारखे पसरलेले ढग. पहिल्यांदा पाहिले तेव्हा या रचनेने आम्हांसही मोहविले होते. परंतु काही सेंटिमीटर उंचीचे फूल एवढे मोठे दिसायचे, तर भिंग त्याच्यापासून वीतभर अंतरावर असले पाहिजे. त्यासाठी छायाचित्रकाराला पठारावर आडवे व्हावे लागते. आणि वाट सोडून आत शिरलेला माणूस आडवा होतो तो फुलांवरच. शंभराहून अधिक अंशांचा कोन घेणाऱ्या या भिंगाला एक जागा नेमकी दिसत नाही, ती म्हणजे छायाचित्रकाराच्या अंगाखालची. अस्पर्श वाटणारे ते चित्र चिरडलेल्या तुकड्यावरून घेतलेले असते. येथे 'येथे' लपविणे हा केवळ रचनादोष राहत नाही. चित्र जे सांगते आणि ते घेण्यासाठी जे केले गेले, यांत सरळ विसंगती आहे आणि समीक्षेने तिच्याकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. वाटेवरच बसून, वाटेच्या कडेचे फूल घेऊन आणि वाटही चौकटीत ठेवून हेच चित्र घेता येते. मात्र तसे करावयास वाट हे निसर्गाला लागलेले गालबोट आहे ही समजूत सोडावी लागेल.

यावरून हे भिंग टाकाऊ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. काही विषय त्यावाचून साधतच नाहीत. इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे 42 अंशांची, म्हणून पूर्ण कमानीचा विस्तार 84 अंशांचा. डोंगर मागे सरून लहान करता येतो. इंद्रधनुष्य येत नाही, पाहणारा कोठेही गेला तरी ते तेवढ्याच कोनाचे राहते. आडव्या चौकटीत 84 अंश बसविणारे भिंग बरोबर 20 मि.मी.चे. त्याच हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभे भव्य लिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तेथे मागे सरायला जागा नाही, कारण पाठीशी खडक आहे. अशा चित्रात पाणी चौकटीच्या खालच्या कडेपासूनच सुरू झाले, तर पाहणाऱ्याला आपणही पाण्यातच उभे आहोत हे कळते आणि भिंगाने वाढविलेला जवळपणा खरा ठरतो.

परंतु मागे जागा नसणे एवढे कारण पुरेसे नाही, हा धडा प्रस्तुत लेखकास एका घरात मिळाला. बोलीच्या अभ्यासासाठी अकोले तालुक्यातील एका वाडीत काही दिवस राहणे झाले होते. ज्या आजींच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या, त्यांचे एकखणी घर दारात पाठ टेकवून 16 मि.मी.च्या भिंगाने घेतले. चूल, कणगी, उतरंड, कोपऱ्यात बसलेल्या आजी, सारे मावले. पुढच्या खेपेस चित्राची मोठी प्रत त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, "घर झ्याक आलंय. पर आमचं येवढं मोठं कुठं हाय? आन् मी चुलीपासनं येवढी लांब कशापायी बसंन?"

आजींचे दोन्ही आक्षेप शास्त्रशुद्ध होते. भिंगाचे नाभीय अंतर 16 मि.मी. आणि प्रत दहापट मोठी, 36 सेंटिमीटर रुंद; तेव्हा तिचे यथादर्शन बरोबर वाटावे यासाठी डोळा 16 सेंटिमीटरवर हवा. इतक्या जवळून कोणी चित्र पाहत नाही. हातभर अंतरावरून पाहिले की खोली लांबत जाते आणि चूल पळू लागते. शिवाय सरळ रेषा सरळ राखणाऱ्या अशा भिंगात कडेच्या वस्तू बाहेर ताणल्या जातात. आडव्या चौकटीच्या कडेशी असलेले गोल मडके सुमारे दीडपट लांबट उमटते, आणि कोपऱ्यात बसलेल्या माणसाचा चेहराही. मडक्याला त्याचे सोयरसुतक नसते. ज्यांच्या शब्दांतील एकेक स्वर मी काटेकोरपणे टिपत होतो, त्यांचा चेहरा व त्यांचे घर मी असे बेफिकिरीने नोंदवावे, याची मला लाज वाटली. जाहिरातीतल्या सदनिका याच युक्तीने ऐसपैस दिसतात, हेही तेव्हाच आठवले.

दुसऱ्या दिवशी मी ओटीवर येऊन, उंबरा आणि दाराच्या दोन्ही बाह्या चौकटीत घेऊन, 28 मि.मी.च्या भिंगाने पुन्हा चित्र घेतले. उतरंड अर्धी झाली, कणगी सुटली. यंत्राच्या पडद्यावर ते पाहून आजी म्हणाल्या, "हां, ह्ये दारातनं बघितल्यावाणी हाय." चित्रविषयक इतके नेमके विधान मी फारसे वाचलेले नाही. कोठून पाहिले, हे चित्रातच सांगितले गेले होते.

सारांश, अतिविशालकोनी निसर्गचित्राची वा प्रवासचित्राची परीक्षा करताना तीन प्रश्न विचारावेत. त्यातील जवळची वस्तू विषयाची भाग आहे, की रिकामी जागा भरण्यासाठी आणलेली आहे? चित्र आपली उभे राहण्याची जागा दाखवते, की दडवते? आणि त्या जागेवर उभे राहण्याची किंमत कोणी, फुलाने, घराने की चेहऱ्याने, मोजली आहे? या प्रश्नांना उत्तर देणारे चित्र 14 मि.मी.चे असले तरी प्रामाणिक ठरेल. आजींच्या घराची दोन्ही चित्रे विभागातील माझ्या खोलीत शेजारीशेजारी लावली आहेत. येणारे विद्यार्थी पहिल्याकडे पाहून सगळे मावले म्हणतात. दुसऱ्यासमोर ते थोडे वाकतात, दार ठेंगणे असल्यासारखे.