कुत्र्यावर तीन गावांचा दावा, आणि रॉबिन्सनचं काय?

'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' तुम्ही इंग्रजीत वाचली असेल, अनुवादात वाचली असेल, किंवा नुसता 'बीस साल बाद' पाहिला असेल, तरी ती गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. घराण्यावरचा शाप, डार्टमूरचा ओसाड माळ, धुक्यातून धावत येणारा फॉस्फरसने चमकणारा कुत्रा. आर्थर कॉनन डॉयलची ही कादंबरी ऑगस्ट १९०१ पासून 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली आणि १९०२ मध्ये पुस्तकरूपात निघाली. त्यातला कुत्रा 'खरा' कुठला, यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल तर हे भांडण जरूर बघा. लिटरेचर रिव्ह्यू करताना 'अमक्याचा तमक्यावर प्रभाव' असं आपण किती सहज लिहून टाकतो, ते इथे स्वच्छ दिसतं. (पुढे खुनी कोण ते सांगणार आहे. वाचली नसेल तर आधी वाचून या.)

दावेदार मुख्यतः तीन. पहिला डेव्हनचा. बकफास्टली गावात रिचर्ड कॅबेल नावाच्या जमीनदाराचं थडगं आहे. तो १६७७ मध्ये मेला. माणूस इतका बदनाम, की त्याने पुन्हा उठू नये म्हणून वर जड शिळा ठेवली, भोवती लोखंडी गज लावले, आणि तो मेला त्या रात्री आग ओकणारे काळे कुत्रे माळावरून धावत आले, असं सांगतात. दुसरा दावा नॉरफोकचा. तिथल्या किनाऱ्यावर 'ब्लॅक शक' नावाचा भुताचा कुत्रा फिरतो अशी जुनी समजूत आहे, आणि १९०१ मध्ये डॉयल तिथल्याच क्रोमर गावी सुट्टीवर असताना ही कल्पना आकाराला आली. तिसरा दावा वेल्सच्या सीमेवरचा. क्लायरोला बास्करव्हिल नावाचं खरंखुरं घराणं होतं, आणि जवळच्या हर्जेस्टच्या व्हॉन घराण्यामागे काळ्या कुत्र्याची दंतकथा आहे.

तिन्ही दाव्यांची पद्धत एकच: साम्यं मोजायची. इथे कुत्रा आहे, तिथेही आहे. इथे वाडा आहे, तिथेही आहे. पण काळ्या कुत्र्याच्या कथा इंग्लंडभर पसरलेल्या आहेत. आपल्याकडे एखाद्या कथेत पिंपळावरचा मुंजा आला, तर तो अमक्याच गावच्या पिंपळावरून उचलला असं कुणी म्हणेल का? जी गोष्ट सगळीकडे सापडते, तिच्या साम्याला पुरावा म्हणून फारशी किंमत नसते. त्यात आणखी एक गंमत. क्रोमर हॉल ज्या घराण्याकडे होता, त्याचं आडनाव बॉन्ड-कॅबेल! म्हणजे 'कॅबेल' हा धागा धरून तुम्ही डेव्हनलाही पोचता आणि नॉरफोकलाही. एकच खूण दोन विरुद्ध निष्कर्षांकडे बोट दाखवत असेल, तर तिच्यावरून निवाडा करता येत नाही.

मग तारखा बघायच्या. कॅबेलच्या कुत्र्यांची हकीकत सांगताना बेअरिंग-गूल्ड यांच्या डेव्हनवरच्या पुस्तकाचा आधार नेहमी दिला जातो. ते पुस्तक १९०७ चं आहे, कादंबरीनंतर पाच वर्षांनी आलेलं. दंतकथा तोंडी आधीपासून असू शकते, नाही असं नाही. पण तोवर अख्ख्या इंग्लंडने ही कादंबरी वाचून झाली होती. दंतकथेने कादंबरी घडवली, की कादंबरीने दंतकथेला कुत्रे पुरवले, हे १९०७ च्या नोंदीवरून सांगता येत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की हा नियम खुद्द होम्सच पाळतो. डॉ. मॉर्टिमर शापाची हस्तलिखित हकीकत घेऊन येतात. ती वाचून दाखवायच्या आधीच, खिशातून डोकावणाऱ्या कडेवरून होम्स तिचा काळ ठरवतो. तो १७३० म्हणतो, कागदावर १७४२ असतं. आधी तारीख, मग मजकूर. पुढे ह्यूगो बास्करव्हिलच्या चित्रावरची टोपी आणि केस हाताने झाकून तो वॉटसनला स्टेपलटनचा चेहरा दाखवतो. हा प्रसंग घाईत वाचला तर वाटतं की साम्यावरूनच गुन्हेगार सापडला. तसं नाही. स्टेपलटन एके काळी उत्तरेत शाळा चालवत होता आणि त्याची 'बहीण' ही त्याची बायको आहे, हे होम्सने स्वतंत्रपणे आधीच शोधलेलं असतं. चित्राने फक्त हेतूची राहिलेली कडी जोडली. गावोगावच्या दाव्यांमध्ये मात्र आधी चित्र, शेवटीही चित्र, मधलं सगळं गायब.

आणि या गलक्यात ज्या उगमाला कागदाचा आधार आहे तोच बाजूला पडतो. तो म्हणजे बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन. पत्रकार, डेव्हनमध्ये इपलपेनला वाढलेला, डॉयलचा मित्र. १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना बोटीवर दोघांची गट्टी जमली. क्रोमरला तो सोबत होता, डार्टमूरही दोघांनी मिळून पाहिलं. डॉयलने 'स्ट्रँड'च्या संपादकांना सुरुवातीला कळवलं होतं, की हे काम रॉबिन्सनबरोबर करायचं आहे आणि त्याचं नाव माझ्या नावासोबत आलं पाहिजे. मग कथेत होम्स आला, दर हजार शब्दांना ५० पौंडांवरून १०० वर गेला, आणि छापताना लेखक म्हणून नाव एकट्या डॉयलचं राहिलं.

आता श्रेय कसं आकसत गेलं ते पाहा. १९०१ च्या मासिकातल्या तळटीपेत एकूण कथानक आणि स्थानिक तपशील, दोन्हींतली मदत मान्य केलेली आहे. १९०२ च्या इंग्लंडमधल्या पुस्तकात कथानक गेलं. दंतकथा सांगितल्याबद्दल आणि तपशिलांतल्या मदतीबद्दल आभार उरले. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑथरशिपवरून धुसफूस ऐकली असेल, तर हा उतार तुम्हाला ओळखू येईल.

याची भरपाई म्हणून काही जण भलत्याच टोकाला गेले. रॉबिन्सनच्या घरच्या गाडीवानाचं नाव हॅरी बास्करव्हिल. नाव वापरल्याबद्दल माफी मागून रॉबिन्सनने त्याला पुस्तकाची प्रत दिली होती. कादंबरीतलं आडनाव कुठून आलं असावं, यासाठी हा मजबूत पुरावा आहे. पण बरंचसं लेखनच रॉबिन्सनचं होतं, असं हॅरी म्हणाला ते अर्धशतक उलटल्यावर, आणि हस्तलिखिताची जी पानं उरली आहेत ती डॉयलच्या अक्षरातली आहेत. अर्थात अक्षरावरून लेखणी कुणाची ते कळतं, कथानक कुणाला सुचलं ते नाही. त्याहून पुढची मजल म्हणजे डॉयलने रॉबिन्सनला विष घातलं हा आरोप. त्यासाठी थडगं उकरायची परवानगीही मागितली गेली आणि चर्चने ती नाकारली. रॉबिन्सन १९०७ मध्ये ३६ व्या वर्षी गेला, मृत्यूच्या दाखल्यावर टायफॉइड आहे. श्रेय बुडालं एवढ्यावरून खून सिद्ध करायला निघणं हा त्या माणसावर दुसरा अन्याय आहे, कारण मग त्याच्या कामाबद्दल कुणी बोलतच नाही.

माझ्यापुरतं विचाराल तर १९०१ ची तळटीप सर्वांत वजनदार. ती लिखाण ताजं असताना, डॉयलने स्वतःच्या हिश्शातून काही सोडून देत लिहिलेली आहे. १९२९ मध्ये होम्सच्या दीर्घ कथांच्या एकत्रित खंडाला त्याने प्रस्तावना लिहिली. तिथे रॉबिन्सनकडे उरला तो त्याच्या घराजवळच्या भुताच्या कुत्र्याबद्दल केलेला एक उल्लेख. कथानक आणि शब्दन् शब्द आपला, असं डॉयलने मुद्दाम नोंदवलं. रॉबिन्सनला जाऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती.