‘देवराई’ आणि उरलेला प्रश्न

वेड हा विषय मराठी वाङ्मयाला नवा नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें शेक्सपियरचें ‘हॅम्लेट’ मराठींत आणिलें, तेव्हां वेडाचें सोंग घेणारा एक राजपुत्र आमच्या घरांत आला. गडकऱ्यांनीं ‘वेड्यांचा बाजार’ मांडून त्याच विषयाचें हंसें केलें. आणि संतांनीं तर ‘वेड’ हा शब्द भक्तीच्या पराकोटीला लावून ठेविला होताच. सोंग, विनोद व भक्ति या तीन वाटांनीं वेड आमच्याकडे आलें. परंतु ज्याला हा विकार खरोखर जडला आहे तो मनुष्य सकाळीं उठून तोंड कां धूत नाहीं, हा साधा प्रश्न फारच थोड्या लेखकांनीं विचारला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट या प्रश्नाच्या दाराशीं येऊन उभा राहिला, म्हणून त्याचें परीक्षण आम्हांस आजहि अगत्याचें वाटतें.

नायक शेष देसाई हा कोंकणांतील एका गांवचा बुद्धिमान तरुण. गांवाजवळच्या देवराईचा, म्हणजे देवाच्या नांवानें राखलेल्या रानाचा, त्याला ध्यास लागला आहे. त्या रानाचा शास्त्रीय अभ्यास करावा ही त्याची इच्छा, पण ती समजून घेणारें भोवतीं कोणी नाहीं. हळूहळू त्याचें मन संशय व भास यांच्या स्वाधीन होतें, आणि अखेर शहरांतील बहीण सीना त्याला आपल्या घरीं आणते. या विकारास स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता म्हणतात. चित्रपटाच्या निर्मितीमागें डॉ. जगन्नाथ वाणी होते. कॅनडांतील कॅल्गरी विद्यापीठांत संख्याशास्त्राचें अध्यापन केलेल्या या गृहस्थांनीं १९९७ सालीं पुण्यांत ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. हेतु उघडच लोकशिक्षणाचा होता. अशा हेतूनें काढलेल्या कृतींत कला बहुधा पाहुण्यासारखी कोपऱ्यांत बसते. येथें तसें झालें नाहीं, हें प्रथमच नमूद केलें पाहिजे.

चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यांतलें घर. अतुल कुलकर्णी यांच्या शेषइतकीच सोनाली कुलकर्णी यांची सीना आम्हांस महत्त्वाची वाटते. रोग एकाला आणि शीण सर्वांना, हें सत्य तिच्यामुळें प्रेक्षकाच्या गळीं उतरतें. भावाची माया आणि स्वतःचा संसार यांच्या ओढाताणींत सांपडलेली ही बहीण देवी नाहीं व राक्षसीहि नाहीं. ती दमलेली आहे. आमच्या कथावाङ्मयाला दमलेल्या माणसांचें वर्णन क्वचितच इतकें साधलें असेल.

आतां आमचा आक्षेप. या विकाराचीं लक्षणें स्थूलमानानें दोन प्रकारचीं असतात. कांहीं लक्षणें नव्यानें येऊन बसतात: नसलेले आवाज ऐकूं येणें, कोणी आपल्या वाईटावर आहे असें वाटणें. कांहीं लक्षणें म्हणजे होतें तें निघून जाणें होय: उत्साह जातो, बोलणें आटतें, हंसूं व रडूं दोन्ही मावळतात, लक्ष टिकत नाहीं, आरंभिलेलें काम शेवटास जात नाहीं. १९५२ सालीं क्लोरप्रोमाझीन हें औषध मनोविकारांवर वापरांत आलें, आणि तेव्हांपासून पहिल्या प्रकारच्या लक्षणांना पुष्कळच आळा घालतां येऊं लागला. दुसऱ्या प्रकारावर मात्र औषधांचा उपाय तितकासा चालत नाहीं. म्हणजे आवाज थांबले तरी हात उचलत नाहीं. हें जें उरतें, तेंच खरें अपंगत्व. नायकाचें नांव ‘शेष’ असूनहि चित्रपटाची दृष्टि या शेषावर पुरेशी स्थिरावत नाहीं. देवराईचें रान इतकें गहन आणि नायकाची बुद्धि इतकी असामान्य, कीं प्रेक्षक त्या भव्यतेंतच गुंततो आणि विकाराचा रुक्ष, रोजचा भाग त्याच्या नजरेआड होतो.

या उणिवेचें मोल कळण्यासाठीं कोंकण सोडून मराठवाड्यांत यावें लागेल. परभणी जिल्ह्यांत, पूर्णा तालुक्यांत, पूर्णा–नांदेड लोहमार्गावर चुडावा हें गांव आहे. अशा कापूस-सोयाबीनच्या गांवीं हा विकार जडलेला तरुण असेल, तर त्याच्यापाशीं रूपकाला देवराई नसते. वडील सांगतात तेव्हां तो बैल सोडतो, आई वाढते तेव्हां जेवतो. सांगणारें कोणी आहे तोंवर त्याचें अपंगत्व घराच्या पदराखालीं झांकलेलें राहतें. तो आरडाओरडा करीत नाहीं, म्हणून घर म्हणतें, बरा झाला. तो आपण होऊन कांहींच करीत नाहीं, म्हणून तेंच घर म्हणतें, आळशी झाला. सांगणारीं माणसें गेलीं म्हणजे मग सारें उघडें पडतें. ज्या कलाकृति आवाज आणि भास एवढेंच दाखवितात, त्या नकळत याच गैरसमजास खतपाणी घालतात.

नवल असें, कीं हा उरलेला भाग कलेपेक्षां एका सरकारी कोष्टकानें अधिक नेमका पाहिला. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनें तयार केलेलें आणि २००२ सालीं शासनानें स्वीकारलेलें ‘आयडियाज्’ हें मोजमाप चारच गोष्टी विचारतें: मनुष्य स्वतःची निगा राखतो काय, इतरांशीं वागतो कसा, बोलणें त्याला समजतें व समजावितां येतें काय, आणि काम करतो काय. प्रत्येकास ० ते ४ गुण. आजार किती वर्षांचा, याचे गुण निराळे. बेरीज ७ झाली कीं अपंगत्व ४० टक्के धरावयाचें. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ४० टक्के हाच अनेक सवलतींचा उंबरठा ठरविला. घरकाम आणि विद्यार्थ्याचा अभ्यास यांनाहि तें कोष्टक काम मानतें, ही त्याची सहृदयता म्हटली पाहिजे. मात्र दमलेल्या सीनेला त्यांत रकाना नाहीं.

कोणी म्हणेल, कलाकृति म्हणजे वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. तिच्याकडून कोष्टकाची अपेक्षा कां करावी? आमची अपेक्षा कोष्टकाची नाहीं, दृष्टीची आहे. न धुतलेलें तोंड, अर्धा चहा घेऊन बाजूस ठेविलेला पेला, दारापर्यंत जाऊन परत आलेलीं पाउलें, हीं दृश्यें भासांपेक्षां कमी नाट्यमय असतील, पण कमी करुण खास नाहींत. भास रंगविणें सोपें. रितेपण रंगविणें कठीण, आणि कठीण म्हणूनच तें समर्थ कलावंताचें काम.

‘देवराई’नें अर्धी वाट चालून दाखविली, आणि त्या काळीं ती अर्धी वाटहि थोडी नव्हती. आमच्या वाचकांनीं हा चित्रपट कुटुंबासह पाहावा. आणि तो पाहून झाल्यावर, आपल्या ओळखीच्या एखाद्या घरांत ‘आळशी’ म्हणून बाजूस सारलेला जो मुलगा किंवा जी मुलगी असेल, तिच्याविषयीं पुन्हां एकवार विचार करावा. तिला रागें भरण्याऐवजीं डॉक्टरांकडे नेलें, आणि घरीं रोज एक लहानसें काम सोबत बसून करून घेतलें, तर चित्रपटानें सोडलेली वाट निदान त्या घरापुरती तरी पुढें जाईल.