गुरूची विद्या

चिंचवडला परवा किशोरी आमोणकरांचा ध्वनिमुद्रित भूप ऐकताना आम्हांला त्यांच्या मातोश्री व गुरू मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) आठवल्या. अल्लादियाखाँसाहेबांकडून कष्टाने मिळविलेली जयपूर घराण्याची विद्या मोगूबाईंनी कन्येस दिली. त्या गायकीतला लयीशी बांधलेला आलाप किशोरीताईंनी संथ व मोकळा केला. त्यांनी घराणे सोडले, अशी टीका झाली. आम्हांस ती पटत नाही. भावाच्या मागे दूरवर जाऊनही त्यांचा स्वर ढळत नाही, समेचे भान सुटत नाही. ही मोगूबाईंचीच शिस्त होय. नकलेत गुरूची केवळ लकब उरते. विद्या उरते ती स्वतःच्या वाटेने चालणाऱ्या शिष्यात. आपल्या धर्मग्रामांत मुलांना गायन शिकविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.