चंदावरकर, भास्कर
चंदावरकर, भास्कर : (१६ मार्च १९३६–२६ जुलै २००९). सतारवादक, संगीतरचनाकार व संगीताचे अध्यापक. पुणे ही त्यांची कर्मभूमी. सतारीचे शिक्षण त्यांनी पं. रविशंकर यांच्याकडे घेतले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सुमारे पंधरा वर्षे त्यांनी अध्यापन केले. त्यांची कीर्ती मात्र एकल सतारवादनापेक्षा नाटक व चित्रपट यांच्या संगीतावर अधिक आधारलेली असून तीत घाशीराम कोतवाल या नाटकाच्या संगीताचे स्थान अनन्यसाधारण आहे.

विजय तेंडुलकर लिखित व जब्बार पटेल दिग्दर्शित या नाटकाचा पहिला प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने सदाशिव पेठेतील भरत नाट्यमंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी केला. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. नाना फडणीस व पुण्याचा कोतवाल घाशीराम यांच्या निमित्ताने सत्ता आपले हस्तक कसे निर्माण करते व काम संपताच कसे नष्ट करते, हे नाटकात दाखविले आहे. त्यासाठी दशावतार, खेळे, तमाशा, कीर्तन, लावणी, अभंग अशा अनेक पारंपरिक प्रकारांचा आधार घेण्यात आला. रंगमंचावर ओळीने उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांची मानवी भिंत हाच या नाटकाचा पडदा, नेपथ्य व गायकवृंदही होय.

मराठी संगीत नाटकात गायकनट कथानक थांबवून पदाचा विस्तार करीत असे. चंदावरकरांनी गाण्याचे स्वामित्व एका नटाकडून काढून समूहाकडे दिले. येथे गाणे कथानक थांबवीत नाही, तर ते पुढे ढकलते. एकामागून एक येणारे प्रसंग लय न मोडता जोडणे, बोलणे व गाणे यांच्या सीमेवर समूहाला खेळविणे आणि हालचालीला तालाचे अधिष्ठान देणे, ही कामे संगीताने केली. रविंद्र साठे, चंद्रकांत काळे यांसारखे गाते नट आणि इतर नट यांचा एकजीव वृंद घडविणे, हे या रचनेचे पहिले यश होय.

दुसरे यश अर्थाच्या पातळीवरचे आहे. भक्तीची चाल व क्रौर्याची कृती, नामगजर व बावनखणीची लावणी ही येथे एकमेकांस भिडतात. अभंगाची वा कीर्तनाची चाल विडंबनासाठी वाकडी केलेली नाही. ती तिच्या मूळच्या गोडव्यासह येते आणि समोरच्या प्रसंगामुळे तिचा अर्थ पालटतो. ज्या पेठेत हा प्रयोग झाला, तेथील श्रोत्यांना कीर्तन व भजन घरचे होते. म्हणूनच त्यांना तो उपरोध प्रथम कानांनी जाणवला.

प्राचीन संगीताच्या पुनरुज्जीवनाच्या दृष्टीनेही या रचनेचा विचार करता येतो. पश्चिमेत विसाव्या शतकात ल्यूटसारख्या मागे पडलेल्या वाद्यांचे संगीत जुन्या हस्तलिखितांवरून पुन्हा वाजविले जाऊ लागले. तेथे तुटलेली परंपरा सांधण्याचा प्रश्न होता. महाराष्ट्रातील कीर्तन व लावणी यांच्या चाली मुख्यतः मुखपरंपरेने टिकल्या व टिकताना बदलत गेल्या. त्यामुळे पेशवाईतील ध्वनी जसाच्या तसा उभा करणे शक्य नव्हते आणि या रचनेने तसा आव आणला नाही. जुने रूप आजच्या प्रश्नासाठी वापरणे, हीच तिची भूमिका होय.

तथापि या रीतीच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. संगीत इतके वेधक आहे, की क्रौर्याचे प्रसंगही प्रेक्षकाला रमवितात व उपरोधाची धार काही ठिकाणी बोथट होते. अर्थात हे रमणे समूहाच्या अपराधात प्रेक्षकालाही सामील करून घेते, असेही म्हणता येईल. इतिहासाच्या विपर्यासाच्या आक्षेपामुळे मूळ संस्थेने प्रयोग थांबविले. त्यानंतर १९७३ मध्ये स्थापन झालेल्या थिएटर अकॅडमीने १९७४ पासून ते पुन्हा सुरू केले व १९८० मध्ये यूरोपचा दौराही केला. परभाषक प्रेक्षकांपर्यंत समूहाची लय पोहोचली, तरी चालींचे धार्मिक संदर्भ त्यांना परके असणे साहजिकच होते. पुढे लोकप्रकारांची जोड देण्याची टूम रंगभूमीवर पसरली. त्या अनुकरणात पुष्कळदा रंगत राहिली आणि प्रयोजन हरपले.

पु. ल. देशपांडे यांच्या तीन पैशाचा तमाशा (१९७८) या ब्रेख्तच्या नाटकाच्या रूपांतरालाही चंदावरकरांचे संगीत होते. सामना, खंडहर, परोमा, श्वास इ. मराठी, हिंदी व बंगाली चित्रपटांना तसेच ओंदानोंदु कालदल्ली (१९७८) या कन्नड चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. वाद्यवेध हे त्यांचे वाद्यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध आहे. एकल वादनाचे शिक्षण घेतलेल्या या कलावंताने आपले कौशल्य समूहाच्या आवाजात विरघळविले. परंपरेचा आदर तिला जपून ठेवण्यात जितका असतो, तितकाच तिला प्रश्न विचारण्यातही असतो, याचा प्रत्यय त्यांच्या सर्वोत्कृष्ट रचनेत येतो.