‘३१ टक्के’ आले कुठून? परवडणाऱ्या घरांवरचा एक अहवाल वाचताना

नवीन गृहप्रकल्पाला परवानगी देताना बिल्डरला अट घालायची, की यातली ठरावीक टक्के घरं बाजारभावापेक्षा स्वस्त द्या. अमेरिकेत याला ‘इन्क्लूजनरी झोनिंग’ म्हणतात. आपल्याकडेही २०१३ मध्ये राज्य सरकारने १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी अशीच २० टक्क्यांची तरतूद आणली.

महापालिका कुठलीही असो, वाद एकच: या स्वस्त घरांचा खर्च उचलायचा कुणी? बिल्डरला नियम आधी माहीत असेल तर तो जमिनीला भावच कमी देईल, म्हणजे भार जमीनमालकावर. जमीन आधीच घेतली असेल तर नफा बिल्डरचा कमी होणार. आणि मालकाने कमी भावात जमीन विकायचीच नाही असं ठरवलं, तर बांधकाम घटेल, उरलेली घरं महागतील आणि भार इतर ग्राहकांवर जाईल. तिन्ही गोष्टी कागदावर पटतात. त्यामुळे उत्तर डेटातूनच यायला हवं.

इथे २००४ चा एक गाजलेला अहवाल येतो. बेंजामिन पॉवेल आणि एडवर्ड स्ट्रिंगहॅम या अर्थशास्त्रज्ञांनी रीझन फाउंडेशनसाठी सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या शहरांचा अभ्यास केला. निष्कर्ष: ज्या ४५ शहरांचा डेटा मिळाला, तिथे धोरण लागू झाल्यानंतरच्या वर्षी नवीन घरबांधणी सरासरी ३१ टक्क्यांनी घटली. सभागृहात फेकायला हा आकडा एकदम सोपा. पण तो मोजला कसा?

आधी आणि नंतर, एवढीच तुलना. कंट्रोल ग्रुप नाही. प्रयोगशाळेत असा प्रयोग केला तर गाइड पहिल्याच मिनिटाला परत पाठवतील. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात मोठी मंदी होती. धोरण नसलेल्या शहरांतही बांधकाम आटलं होतं. मग ३१ मधले किती टक्के धोरणाचे आणि किती मंदीचे? या पद्धतीने ते सांगताच येत नाही. व्हिक्टोरिया बासोलो आणि निको कलाविता यांनी त्याच वर्षी या अहवालावर सविस्तर टीका लिहिली, ती याच कमकुवत पुराव्यावर.

दुसरी अडचण जरा लपलेली आहे. शहरं असं धोरण आणतात कधी? साधारणपणे किमती भडकल्यावर, बांधकाम जोरात असताना. शिखरावरून मोजायला सुरुवात केली की पुढचा आकडा बहुतेक खालचाच येणार. ताप सर्वात चढलेला असताना औषध घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उतरला, तर श्रेय औषधाचंच का? तसंच हेही.

तिसरी अडचण तारखेची. पोर्टलंड शहरात फेब्रुवारी २०१७ पासून नियम लागू होणार हे कळताच बिल्डरांनी त्याआधी परवानग्यांसाठी रांग लावली. अशा वेळी ‘आधी’चा आकडा फुगतो आणि ‘नंतर’चा आटतो. म्हणजे लगेचचं पुढचं वर्ष हे तुलनेसाठी सर्वात वाईट वर्ष!

मग धोरण निर्दोष ठरलं का? अजिबात नाही. पद्धत चुकली म्हणून निष्कर्ष उलटा होत नाही. तो फक्त सिद्ध होत नाही. पुढे स्ट्रिंगहॅम यांनीच टॉम मीन्स यांच्याबरोबर धोरण नसलेली शहरंही घेऊन अभ्यास केला, आणि तिथेही किमती वाढल्याचं, घरं कमी झाल्याचं दिसलं. २०११ मध्ये जेनी शुट्झ, रेचल मेल्टझर आणि विकी बीन यांनी दोन प्रदेश तपासले. बॉस्टनच्या उपनगरांत, किमती चढत्या असताना, धोरणामुळे घरं महागल्याचे आणि बांधकाम कमी झाल्याचे पुरावे मिळाले. बे एरियात मात्र बांधकामावर ठळक परिणाम दिसला नाही; किमतींवरचा परिणामही बाजार तापलेला आहे की थंड, यावर बदलला. मला हा पेपर जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण तो एका आकड्यात सगळं कोंबत नाही.

धोरणाचे समर्थकही याच खड्ड्यात पडतात. ‘इतकी स्वस्त घरं मिळाली’ हे सांगताना धोरण नसतं तर एकूण किती घरं झाली असती, हा प्रश्न तेही टाळतात. आणि यात नुकसान होतं ते भाड्याच्या खोलीत राहून घर शोधणाऱ्या माणसाचं. नियम सैल केला तरी, कडक केला तरी, चुकीच्या आकड्याची किंमत तोच मोजतो.

म्हणून पेट किंवा नेटचा अभ्यास करताना असा कुठलाही पेपर हातात आला, तर ॲबस्ट्रॅक्टमधली टक्केवारी बाजूला ठेवा. आधी मेथड्सचं पान उघडा आणि बघा: तुलना कुणाशी केली, वेळ कुणी निवडली, आणि बदल होणार हे लोकांना आधी कळलं होतं का? या तिन्हींची उत्तरं पेपरमध्ये सापडली, तरच तो आकडा वहीत उतरवा.