हेलन, सबाइन स्त्रिया आणि रुक्मिणी : युद्धकथांतील पराभूतांचे स्थान

प्रास्ताविक :
स्त्रीच्या हरणातून युद्ध उद्भवते, हे कथासूत्र ग्रीक, रोमन आणि वैदर्भीय या तीनही परंपरांत आढळते. या साम्यावरून हेलन, सबाइन स्त्रिया आणि रुक्मिणी यांना एका ओळीत बसविणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. युद्ध संपल्यावर पराभूताचे काय होते, हा प्रश्न विचारला म्हणजे या कथांमधील खरा भेद स्पष्ट होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ग्रीक आणि रोमन कथा :
होमरच्या 'इलियड'मध्ये ट्रॉयचा विनाश येत नाही. हे महाकाव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी थांबते. शत्रुपक्षाच्या वीरासाठी शोक करणाऱ्यांत हेलनही आहे. येथे पराभूताला करुणा मिळते, भविष्य मात्र मिळत नाही.

ऑगस्टसच्या काळात लिहिणाऱ्या लिव्हीने रोमच्या आरंभीच्या विजयांची कथा वेगळ्या रीतीने मांडली आहे. उत्सवाच्या निमित्ताने बोलावलेल्या शेजाऱ्यांच्या मुली रोम्युलसचे लोक पळवितात आणि त्यातून युद्धे होतात. अखेर याच स्त्रिया पिता आणि पती यांच्या सैन्यांमध्ये उभ्या राहून समेट घडवितात. सबाइन राजा टायटस टेशियस रोमच्या राज्याचा भागीदार होतो. पराभूताला सामावून घेणे, हे रोमन विस्ताराचे तत्त्व या कथेत नात्याचे रूप घेऊन येते. स्त्रियांची संमती मात्र येथे हरणाच्या आधीची नाही, नंतरची आहे.

रुक्मिणीची कथा :
भागवताच्या दशम स्कंधात हा क्रम उलटा आहे. रुक्मिणी स्वतः ब्राह्मणाकरवी श्रीकृष्णाला निरोप पाठविते आणि हरणाचा मार्गही तीच सुचविते. तिच्या संमतीनेच कथेला आरंभ होतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राला आणि सोळाव्या शतकात एकनाथांना याच कथेवर 'रुक्मिणीस्वयंवर' रचावेसे वाटले. दोन्ही ग्रंथांच्या नावात 'हरण' नसून 'स्वयंवर' आहे, ही बाब लक्षणीय होय.

रुक्मीचा पराभव होतो, त्याला विद्रूप केले जाते. परंतु बहिणीच्या विनवणीमुळे त्याचे प्राण वाचतात. बलराम तर विजयी श्रीकृष्णालाच दोष देतो. प्रतिज्ञा भंग पावल्यामुळे रुक्मी कुंडिनपुरास परतत नाही. भोजकट वसवून तेथेच राहतो. म्हणजे विदर्भाच्या कथेत पराभूताच्या वाट्याला केवळ शोक येत नाही किंवा जेत्यात विलीन होणेही येत नाही. त्याला त्याच भूमीवर दुसरे नगर मिळते.

आख्यायिका आणि पुरावा :
अचलपूरजवळच्या चम्मक येथे मिळालेल्या दुसऱ्या प्रवरसेन वाकाटकाच्या ताम्रपटात 'भोजकट राज्या'चा उल्लेख आहे. हा पाचव्या शतकातील लेख भोजकट हे प्रदेशनाम त्या काळी राजव्यवहारात रूढ होते, एवढे सिद्ध करतो. रुक्मीचे ऐतिहासिकत्व नव्हे. स्थानिक इतिहासलेखनात हा विवेक अनेकदा सुटतो. वर्धाकाठचे कौंडिण्यपूर आणि अमरावतीचे अंबादेवी मंदिर यांच्याशी निगडित श्रद्धा आदरणीय आहेत. तथापि श्रद्धेचा आदर आणि पुराव्याची चिकित्सा ही दोन वेगळी कार्ये आहेत. नगरस्थापनेपूर्वीच्या कथांना आपण दुजोरा देणार नाही आणि त्यांचे खंडनही करणार नाही, ही लिव्हीची प्रस्तावनेतील भूमिका येथे मार्गदर्शक ठरते.

याउलट उदाहरण श्लीमानचे आहे. १८७० च्या दशकात हिसारलिक येथे प्रायमचे नगर शोधताना त्याने वरचे थर खोदून टाकले. ज्या थराला त्याने ट्रॉय मानले, तो युद्धाच्या परंपरागत काळापेक्षा सुमारे हजार वर्षे जुना निघाला. आख्यायिका सिद्ध करण्याच्या घाईत प्रत्यक्ष पुरावाच नष्ट झाला.

निष्कर्ष :
आख्यायिका ही युद्धाची नोंद नसते. ती जपणाऱ्या समाजाच्या मूल्यांची नोंद असते. त्या दृष्टीने रुक्मिणीकथा कन्येच्या निर्णयाला आणि पराभूताच्या अस्तित्वाला मान्यता देते. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत इतिहास आणि साहित्य शिकविताना ती या अंगाने वाचली जावी. कौंडिण्यपूरच्या मातीत रुक्मिणीचा पुरावा शोधण्यापूर्वी तिच्या निरोपाचा अर्थ विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे, हे अध्यापकाचे पहिले कर्तव्य ठरते.